खासदारांच्या मागं फिरणारी पोरगी

"अण्णा, खासदारांच्या मागं फिरणाऱ्या पोरीला स्थळ कसं बघायचं, सांगा बरं."

काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं. हातात सूप, सुपात ज्वारी आणि तोंडात अख्ख्या गल्लीची खबर. अंबाजोगाईत आमच्या दोन घरांमधली भिंत छातीइतकीच उंच आहे. तिच्यावर कोपर टेकलं की दोन्हीकडची कामं थांबतात.

प्रकरण असं होतं. काकूंच्या बहिणीची लेक संभाजीनगरला पत्रकारिता शिकली आणि आता दिल्लीत एका पेपरसाठी संसदेच्या बातम्या देते. परवा केजकडचे पाहुणे तिच्यासाठी आले. मुलाच्या आईनं विचारलं, मुलगी काय करते? काकूंची बहीण भाबडेपणानं बोलून गेली, "दिवसभर खासदारांच्या मागं असते." पाहुण्यांनी पोहे अर्धेच ठेवले म्हणे.

"मागं फिरत नाही हो काकू, त्यांच्यावर लक्ष ठेवते."

"ते तर आनखीच वाईट दिसतंय की!"

तालुक्याचा वार्ताहर म्हणून माझी उभी हयात गेली. तहसील, पंचायत समिती, कारखान्याची सर्वसाधारण सभा, फार तर कलेक्टर कचेरी. दिल्ली मी बातम्यांतूनच बघितली. पण काकूंच्या लेखी पत्रकार म्हणजे पत्रकार. डोळ्याचा काय आणि दाताचा काय, डॉक्टर तो डॉक्टर.

"त्या पाहुण्यांना सांगा, आपल्याच गावातला एक मास्तर पेपरातून दिल्लीला गेला. प्रमोद महाजन. खोलेश्वर शाळेत इंग्रजी शिकवायचे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटात पत्रकारिता शिकलेले, 'तरुण भारत'मध्ये उपसंपादक होते."

"व्हय, पण ते पुढारी झाले. पेपरात थोडेच राहिले?"

"तोच तर घोळ आहे. दिल्लीतसुद्धा आपल्यासारखीच एक भिंत आहे. खाली सभागृह, वर पत्रकारांची गॅलरी, मधे कठडा. अलीकडून बघायचं, ऐकायचं, लिहायचं. पण वर बसून बसून काहींना खालची खुर्ची आवडायला लागते. 'केसरी'चे न. चिं. केळकर संपादकही होते आणि इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या कायदेमंडळात सभासदही. 'लोकसत्ता'चे विद्याधर गोखले १९८९ला शिवसेनेकडून लोकसभेत गेले. 'मटा'चे भारतकुमार राऊत राज्यसभेत, 'सामना'चे संजय राऊत २००४पासून तिथंच. कुमार केतकर २०१८ला काँग्रेसकडून गेले. आपल्याकडं २०११ला 'दिव्य मराठी' निघाला, त्याचे मुख्य संपादक होते ते."

"मग आमची पोरगी बी खासदार व्हईल की!" काकूंचं सूप थांबलं. "हे सांगते पाहुण्यांना."

"नका सांगू. कठड्यावरून उडी मारली की खालचं दिसायचं बंद होतं. तिनं वरच बसावं."

"उडी मारायला ते काय आड हाय?"

"उडीचं सांगता? आपले एक खासदार होऊन गेले ना, बबनराव ढाकणे? पाथर्डीचे. १९८९ला जनता दलाकडून बीडमधून निवडून आले. त्याच्या कितीतरी आधी, १९६८ला, पाथर्डीचे प्रश्न कुणी ऐकेना म्हणून त्यांनी मुंबईत विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून पत्रकं भिरकावली. उडी घेतली असंही सांगतात. शिक्षा भोगली आणि पुढं दिल्लीत मंत्री झाले."

"बघा, ओरडल्याशिवाय कुनी ऐकतच नाई. मग पोरीचं काम काय? ओरडलेलं तर टीव्हीवर दिसतंय सगळं."

काकूंनी इथं नेमकं बोट ठेवलं. १९८९च्या आधी संसद टीव्हीवर दिसतच नव्हती. त्या वर्षी राष्ट्रपतींचं अभिभाषण पहिल्यांदा थेट दाखवलं, मग १९९१पासून प्रश्नोत्तराचा तास. २००६ला लोकसभेची वेगळी वाहिनी आली. आता संसद टीव्ही मोबाइलवर चालतो. मग गॅलरीत वही घेऊन बसणारी पोरगी पेपरवाल्यांनी कशाला पोसायची?

"काकू, टीव्हीवर दिसतं ते भांडण. काम दिसतं कागदावर. लोकसभेत रोज २० प्रश्नांना तारांकन असतं, त्यांची यादी हिरव्या कागदावर छापतात. मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, वर उपप्रश्न झेलायचे. बाकीचे २३० पांढऱ्या कागदावर, त्यांची उत्तरं नुसती लेखी. आरडाओरड्यात तास वाया जातो आणि हिरव्यातले बरेचसे तोंडी विचारलेच जात नाहीत. पांढऱ्यातले तर कुणी वाचतच नाही. आपल्या गावाचं जे काही असतं ना, ते बहुतेक त्या पांढऱ्यात असतं."

"आपल्या गावाचं काय असनार दिल्लीत?"

"रेल्वे!"

काकूंनी सूप भिंतीवरच ठेवलं. बीड जिल्ह्यात रेल्वे म्हटलं की माणूस बसून ऐकतो. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर. १९९५ला मंजूर झाली, तेव्हा खर्च काहीशे कोटी होता, आता काही हजार कोटी. अर्धा दिल्लीनं द्यायचा, अर्धा मुंबईनं. २०२२च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली. आणि २०२५च्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, बीडहून अहिल्यानगरची गाडी सुटली. मंजुरी मिळाली तेव्हा जन्मलेलं पोर तिशीत आलं. अजून परळीपर्यंत रूळ जुळायचेत.

"मोजा बरं, तेवढ्यात खासदार किती झाले," मी म्हणालो. "१९९६ला रजनीताई पाटील, तेव्हा भाजपच्या. १९९८ आणि १९९९ला जयसिंगराव गायकवाड भाजपकडून, २००४ला तेच जयसिंगराव राष्ट्रवादीकडून. २००९ला गोपीनाथराव मुंडे. २०१४ला पुन्हा गोपीनाथराव, २६ मेला ग्रामविकास मंत्री झाले आणि ३ जूनला गेले."

काकू गप्प झाल्या. त्या सकाळचा विषय निघाला की आमच्याकडं माणसं अशीच गप्प होतात.

"मग प्रीतमताई, जवळजवळ सात लाखांच्या फरकानं. २०१९ला परत त्याच. आणि २०२४ला बजरंग सोनवणे, साडेसहा हजारांच्या फरकानं."

"सात लाख कुठं अन् साडेसहा हजार कुठं!"

"पक्ष बदलले, माणसं बदलली, फरक बदलला. रेल्वेचा प्रश्न मात्र तोच. मग १९९६ला मंत्री काय म्हणाला, २००४ला काय, २०१४ला काय, हे एका रांगेत कोण लावणार? खासदाराला नको असतं, आधीच्याचं पुण्य कशाला मोजायचं? मंत्र्याला नको असतं, आधीची तारीख कशाला आठवायची? तुमची भाची ती रांग लावते. एक तारीख हुकली की जुनी काढून शेजारी ठेवते. एवढंच काम आहे तिचं, पण ते दुसरं कुणी करत नाही."

"म्हंजी उधारीची वही?"

"अगदी."

काकूंना हे पटलं. त्यांच्याकडं अशी वही खरोखर आहे आणि तिच्यात माझंही नाव आहे, म्हणून मी विषय पुढं रेटला.

"आपल्या जिल्ह्याची वही जुनी आहे, काकू. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत आपले खासदार बाबासाहेब परांजपे. इथंच योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांबरोबर होते, निजामाविरुद्ध लढले. १९६७ला तर क्रांतिसिंह नाना पाटील, साताऱ्याकडचे, प्रतिसरकारवाले, कम्युनिस्ट पक्षाकडून बीडमधून! १९७७ला गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी. आणि केशरकाकू क्षीरसागर तीनदा."

"केशरकाकूंचं सांगू नका, त्या आम्हाला ठाऊक हायत." केशरकाकूंचं नाव निघालं की काकूंच्या आवाजात माहेरचा माणूस आल्यासारखा फरक पडतो. "पर तवा दिल्लीची बातमी इकडं यायची कशी?"

"तारेनं, टेलिप्रिंटरवर, नाहीतर ट्रंक कॉल लावून बसायचं. मोठ्या पेपरांची माणसं दिल्लीत असायची. 'मटा'चे अशोक जैन होते. दिल्लीतून 'राजधानीतून' लिहायचे. पुढं त्यांनीच 'कलंदर' या नावानं 'कानोकानी' लिहिलं."

"कानोकानी! आपल्यासारखंच की."

"फरक एवढाच की त्यांचं छापून यायचं. नरसिंह राव पंतप्रधान होते ना, त्यांच्या कादंबरीचा 'अंतस्थ' हा मराठी अनुवादही जैनांचाच. पंतप्रधानाला दुरून बघितलं आणि मग त्याचंच पुस्तक मराठीत बसवलं. माणूस वाकडं बोलायचा, पण विषारी नाही. दिल्लीची बातमी आणि दिल्लीची कुचाळकी यांच्यात बोटभर अंतर असतं, ते राखावं लागतं."

"आन् नाई राखलं तर?"

"तर करंजिया होतो. मुंबईचं 'ब्लिट्झ' होतं, साप्ताहिक, मोठं गाजलेलं. १९६१ला त्यांनी आचार्य कृपलानींची नावावरून टिंगल करत लेख छापला. लोकसभेनं संपादक करंजियांना बोलावलं, सभागृहाच्या दारातल्या कठड्याशी उभं केलं आणि सगळ्यांसमोर समज दिली. त्यांच्या दिल्लीच्या बातमीदाराचा पासही गेला."

"अगं बाई! भर सभेत?" काकूंच्या चेहऱ्यावर भाचीची काळजी कमी आणि बघायला मिळालं नाही याची हळहळ जास्त होती. "मग खरं लिहिलं तरी खटला?"

"खरं लिहिलं तर नाही. तसा कायदा फिरोज गांधींनी करून घेतला, १९५६ला. इंदिराबाईंचे यजमान. स्वतः खासदार. सभागृहात जे बोललं गेलं ते जसंच्या तसं छापलं, मनात काळं नसलं, तर छापणाऱ्याला कोर्टात ओढता येत नाही. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला."

"आणीबाणी तर इंदिराबाईंनीच आनली." काकू एकदम पुढं वाकल्या. "नवऱ्यानं केलेला कायदा बायकोनं काढला?"

"काढला. फिरोज गांधी जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती."

"गेलेल्या मानसाचं तरी ठेवायचं!"

दिल्लीच्या इतिहासावर इतका घरगुती निकाल मी वाचलेला नाही. १९७७ला सरकार बदललं आणि तो कायदा परत आला. पुढं ४४व्या घटनादुरुस्तीनं ते संरक्षण घटनेतच घातलं. मधल्या काळात आपल्या मराठवाड्यानंही किंमत मोजली. दैनिक 'मराठवाडा'चे अनंत भालेराव निजामाच्याही तुरुंगात जाऊन आले होते आणि आणीबाणीतही जाऊन आले. आमच्या पिढीतल्या वार्ताहरांनी हे नाव घेतलं की आपोआप ताठ बसायला होतं.

"तिथं मोबाइल चालतो का हो? नाई, पोरगी दुपारी फोनच उचलत नाई."

"गॅलरीत फोन नेता येत नाही. वही-पेन. खाली खासदारांच्या हातात फोन असतात, पण सभागृहाचं चित्रण त्यांनाही करता येत नाही. आपल्या रजनीताईंचंच झालं ना, २०२३च्या फेब्रुवारीत. तेव्हा त्या राज्यसभेत होत्या, काँग्रेसकडून. सभागृहातलं चित्रण केलं आणि ते बाहेर पसरलं म्हणून निलंबन झालं. ऑगस्टमध्ये मागं घेतलं."

"म्हंजी खासदारानं बी बातमी द्यायची नाई?"

"द्यायची, पण तोंडानं. आणि तोंडानं बोललेलंही अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलं तर छापायचं नाही."

"ऐकलेलं इसरायचं? मला तर जमायचं नाई बाई." हे त्यांनी कबूल केलं म्हणून बरं, नाहीतर मी कबूल केलं असतं.

मग काकू मुद्द्यावर आल्या, म्हणजे पैशावर. खासदाराला पगार किती? मी सांगितलं, महिन्याला १ लाख २४ हजार, भत्ते वेगळे. शिवाय मतदारसंघातल्या कामांसाठी वर्षाला ५ कोटींचा निधी. १९९३ला तो सुरू झाला तेव्हा ५ लाखच होता.

"पाच कोटी घरी नेतो?"

"घरी नाही हो. तो फक्त कामं सुचवतो, पैसे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतात. कोणती कामं सुचवली, किती झाली, किती पैसे पडून राहिले, ही पण बातमीच."

"आन् पोरीला पगार किती?"

"ते तुम्ही तिला विचारलं नाही?"

"इचारलं. ती म्हनली, मावशी, दिल्लीत घरभाडं लई हाय." एवढ्यावर पगाराचा विषय आम्ही दोघांनीही सोडून दिला.

"कमी पगारात हे पत्रकार काही करतात का, हे पण पाहुणे विचारतील," मी म्हणालो. "त्यांना २००५चं सांगा. सभागृहात प्रश्न विचारायचे पैसे घेताना अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. 'कोब्रापोस्ट'च्या पत्रकारांनी सापळा लावला, 'आज तक'नं दाखवलं. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. वेगवेगळ्या पक्षांचे, त्यात आपल्या खानदेशातले दोघं. १२ डिसेंबरला दाखवलं आणि २३ तारखेला अकराही जणांची खासदारकी गेली."

"प्रश्न इचारायला पैशे? मी तर जलमभर फुकट इचारायलेय!"

"तुमच्या प्रश्नांना उत्तर द्यायला पैसे घ्यायला पाहिजेत," मी म्हणालो, पण एका ट्रॅक्टरनं माझं वाक्य खाल्लं. तेही बरंच झालं.

एक दुखणं मात्र काकूंना सांगावंसं वाटलं. जुन्या संसदेत सेंट्रल हॉल होता. जुनेजाणते पत्रकार तिथं खासदारांशेजारी कॉफी पीत बसायचे. सभागृहात एकमेकांवर तुटून पडलेले तिथं खांद्यावर हात टाकून बसलेले दिसायचे. महाजनांसारख्यांचा फड तिथं रंगायचा. आत, सभागृहातही, त्यांनी १९९७ला एक किस्सा असा सांगितला की लोक अजून शोधून बघतात. चीनमध्ये त्यांना कुणी विचारलं, तुमची लोकशाही चालते कशी? यांनी सांगितलं, माझा पक्ष सगळ्यात मोठा, म्हणून मी विरोधात. दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष बाहेरून पाठिंबा देतो. आणि हे गोव्याचे रमाकांत खलप, यांच्या पक्षाचे हे एकटेच, म्हणून हे सरकारात! गॅलरीतल्या माणसाला असा दिवस वर्षातून एखादाच मिळतो.

कोरोनात गॅलरीचा प्रवेश आवळला. पत्रकारांनी त्याविरुद्ध रस्त्यावर निदर्शनं केली. २०२३ला नवी इमारत आली, तिच्यात सेंट्रल हॉलच नाही. २०२४च्या जुलैमध्ये दारापाशी थांबणाऱ्या पत्रकारांना काचेच्या खोलीत बसवलं, तेव्हा सभागृहात त्यावरून गलका झाला.

"काचंच्या खोलीत? मंग खासदारच पोरीला बघतेत म्हना की!"

"तुमच्या पाहुण्यांना हे नका सांगू."

"आन् तिकडं बीडची म्हनून तिला काय म्हनतेत?" काकूंनी आवाज खाली आणला. जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाल्यापासून बाहेर कुठंही आपण बीडचे म्हटलं की समोरचा भुवया उंचावतो, हे इथं सगळ्यांनाच माहीत आहे. सोनवण्यांनी तो विषय लोकसभेत काढला, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांना बीड नकाशावर सापडलं.

"म्हणत असतील काहीबाही. पण त्याचसाठी तिथं बीडचं माणूस पाहिजे. २०१९ला आपल्याकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि पार राष्ट्रीय महिला आयोगापर्यंत गेल्या. दिल्लीतल्या माणसाला कोयता म्हणजे गुन्ह्यातलं हत्यार वाटतं. तुमच्या भाचीला ठाऊक आहे, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेऊन सहा महिने घरदार सोडून जाणारी. ज्याला हे माहीत आहे त्यालाच कळतं की मंत्र्याच्या उत्तरात काय नाही."

काकूंनी सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि पदराला हात पुसून फोन काढला. भाचीनं चक्क उचलला. काकूंनी फोन मोठ्यावर टाकला.

"अगं, स्थळाचं राहू दे. या हिवाळी अधिवेशनात परळीच्या रेल्वेचं इचार. कधी येनार, तारीख पाहिजे."

"मावशी, मी विचारत नसते गं. खासदार विचारतात. त्यांनी विचारलं का आणि मंत्र्यांनी काय सांगितलं, ते मी बघते."

"आन् त्यांनी इचारलंच नाई तर?"

"तर तसं छापते."

काकूंनी फोन बंद केला. जरा वेळ विचार करून मला म्हणाल्या, "अण्णा, तुमच्याकडं आपल्या खासदाराचा नंबर आसंल ना? त्यास्नी एक निरोप द्या म्हन्ते. म्हनावं, वर आमची पोरगी बसलीय."